घरचा कॉम्प्युटर: पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

सोसायटीचा ग्रुप, नातेवाइकांचा ग्रुप, शाळेतल्या मित्रांचा ग्रुप, सगळीकडून तेच ते प्रश्न येतात, म्हणून एकदाच बसून सगळं लिहून ठेवलंय. विचारणारे जवळपास सगळे विंडोजवाले असतात त्यामुळे उत्तरंही तशीच आहेत, मॅकवाल्यांनी थेट प्र. २१ वर जावं. प्रश्नांना नंबर दिलेत, एका उत्तरात दुसऱ्याचा नंबर आला तर तिथे जाऊन बघा, तेच तेच परत लिहिलेलं नाही.

१. विंडोजमधला फुकटचा अँटिव्हायरस पुरतो का, की विकतचा घ्यावा? दुकानदार म्हणतो तो काही कामाचा नाही.

त्याचं नाव डिफेंडर, आणि घरच्या वापराला तो पुरतो. दुकानदाराला विकतच्या डब्यावर मार्जिन सुटतं, डिफेंडरवर काहीच सुटत नाही, मग तो दुसरं काय म्हणणार. स्टार्टमध्ये 'विंडोज सिक्युरिटी' टाइप करून उघडा, सगळीकडे हिरवी खूण असेल तर काम चालू आहे. विकतचाच हवा असेल तर घ्या, क्विक हील किंवा एनपीएव्ही हे दोन्ही आपल्या पुण्याचेच, कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळतात. पण एका वेळी एकच. दोन टाकले की ते एकमेकांवरच संशय घेत बसतात आणि मशीन रांगायला लागतं.

नव्या लॅपटॉपबरोबर ट्रायलवाला अँटिव्हायरस येतो त्याची एक गंमत आहे. तो असेपर्यंत डिफेंडर मागे सरकून बसतो, ट्रायल संपली की तो 'रिन्यू करा, रिन्यू करा' करत राहतो आणि आपण ती खिडकी रोज बंद करत राहतो. रिन्यू करायचा नसेल तर सरळ अनइन्स्टॉल करा, रिस्टार्ट मारा, डिफेंडर आपोआप परत चालू होतो.

२. अँटिव्हायरस आहे म्हणजे मी बिनधास्त ना?

नाही. हल्ली बहुतेक भानगडी आपणच दार उघडून आत घेतो, अँटिव्हायरस बिचारा बघत बसतो. प्र. ६, ७ आणि ९ वाचा, माझ्या मते या सगळ्या यादीत तेच तीन सगळ्यात महत्त्वाचे आहेत.

३. हे अपडेट कायमचं बंद कसं करायचं? ऐन कामात सुरू होतं.

बंद करायची युक्ती मला माहीत आहे आणि मी सांगणार नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा, फाइल्स लॉक करून पैसे मागणारा व्हायरस आला तेव्हा जगभरातले लाखो कॉम्प्युटर एका फटक्यात लॉक झाले, आणि ज्या फटीतून तो घुसला ती बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेलं होतं. म्हणजे दोन महिने आधी. ज्यांनी ते टाकलं होतं त्यांच्यात तो त्या वाटेने शिरूच शकला नाही. मग जूनमध्ये नॉटपेट्या नावाचा दुसरा व्हायरस आला, त्यानेही तीच फट वापरली (शिवाय इतर युक्त्याही होत्या त्याच्याकडे), आणि आपल्या न्हावाशेवाच्या जेएनपीटीतलं मर्स्क ग्रुपचं टर्मिनल ठप्प झालं, कंटेनरच्या ट्रकांची रांग लागली. तेव्हा अपडेट हवंच.

त्रास कमी करता येतो मात्र. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये 'अ‍ॅक्टिव्ह अवर्स' असतात, तिथे तुमच्या कामाची वेळ टाका, त्या वेळात तो स्वतःहून रिस्टार्ट होत नाही. मुलांची परीक्षा किंवा ऑडिट वगैरे असेल तर तिथेच 'पॉज' आहे, काही आठवडे थांबवता येतं. आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवर नेट वापरत असाल तर त्या कनेक्शनला 'मीटर्ड' करून ठेवा, नाहीतर दिवसाचा डेटा चहा होईपर्यंत संपलेला असेल.

४. माझ्याकडे विंडोज १० आहे. चांगलं चाललंय. बदलायलाच पाहिजे का?

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणजे मशीन बंद पडत नाही, नेहमीसारखंच चालतं, आणि म्हणूनच लोक गाफील राहतात. फक्त नव्याने सापडलेल्या फटी बुजवणं थांबतं. घरगुती वापरासाठी एक वर्षाची वाढीव सिक्युरिटी अपडेट्स १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ठेवलेली आहेत, विंडोज अपडेटच्या पानावर 'एनरोल' असं दिसतं. त्यासाठी विंडोज १० चं शेवटचं व्हर्जन, म्हणजे २२एच२, लागतं आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंट लागतं. सेटिंग्जचा बॅकअप अकाउंटला सिंक केला तर पैसे पडत नाहीत.

ते वर्ष म्हणजे विचार करायला मिळालेली सवलत आहे. मशीनमध्ये इंटेलचं आठव्या जनरेशनचं किंवा नंतरचं प्रोसेसर असेल तर विंडोज ११ बहुतेक फुकटात मिळतं. कधीकधी 'टीपीएम २.० नाही' (टीपीएम म्हणजे मशीनमधली सुरक्षेची सोय) असा मेसेज येतो आणि माणूस नवीन लॅपटॉप बघायला लागतो. जरा थांबा, बऱ्याच डेस्कटॉपमध्ये टीपीएम असतं पण बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये) ऑफ असतं, ते ऑन करायला ओळखीच्या माणसाला दहा मिनिटं लागतात.

५. आणि मशीन त्याहून जुनं असेल तर? यूट्यूबवर जुगाड दाखवतात.

जुगाडाने विंडोज ११ चढतं, खोटं नाही. पण मायक्रोसॉफ्ट स्पष्ट सांगतं की अशा मशीनला अपडेट मिळतीलच याची हमी नाही, आणि अपडेटसाठीच तर हा सगळा उपद्व्याप. मी असल्या मशीनवर लिनक्स मिंट टाकायला सांगतो. ब्राउझर, नेट बँकिंग, यूट्यूब, मराठी टायपिंग, प्रिंट, हे सगळं चालतं. टॅली, श्रीलिपी किंवा जीएसटीची डिजिटल सही वापरत असाल तर मात्र त्या नादी लागू नका, डोक्याला ताप होईल.

विंडोज ७ वाल्यांनो, तुमच्याकडे क्रोमसुद्धा २०२३ पासून १०९ व्हर्जनवर अडकलंय. त्याच्यावर बँकेचं काम करू नका, एवढं तरी ऐका.

६. असेंबल केलेल्या पीसीत दुकानदाराने विंडोज आणि ऑफिस 'टाकून दिलं', फुकट. त्यात काय धोका?

लॅमिंग्टन रोडपासून आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत सगळीकडे हेच चालतं त्यामुळे लोकांना त्यात काही वावगं वाटत नाही. कायदेशीर भाग बाजूला ठेवू. क्रॅक, म्हणजे पैसे न देता सॉफ्टवेअर चालू करून देणारी चोरटी फाइल, चालवताना पहिलं वाक्य काय असतं? 'अँटिव्हायरस बंद करा.' तुम्ही तो बंद करता, अनोळखी माणसाने बनवलेली फाइल अ‍ॅडमिन म्हणून चालवता, आणि नंतर बऱ्याच वेळा तो फोल्डर कायमचा स्कॅनमधून वगळलेला राहतो. विंडोज सिक्युरिटीत 'एक्सक्लूजन्स' नावाची जागा आहे, तिथे जाऊन बघा, तुम्ही न टाकलेलं काही दिसलं तर काढा. एका ओळखीच्यांच्या पीसीवर तिथे अख्खा सी ड्राइव्ह होता. मग डिफेंडर असून काय उपयोग.

फाइल्स लॉक करून पैसे मागणारे प्रकार घरच्या कॉम्प्युटरवर बहुतेक या क्रॅकमधूनच येतात (प्र. १८). ऑफिस परवडत नसेल तर लिब्रेऑफिस फुकट आहे, गुगल डॉक्स फुकट आहे, मुलांच्या प्रोजेक्टला आणि सोसायटीच्या हिशेबाला त्याहून जास्त लागत नाही.

७. एका वेबसाइटवर 'मी रोबो नाही' करताना विंडोज आणि आर दाबा, मग कंट्रोल व्ही, मग एंटर, असं सांगितलं. मी केलं. काही झालं नाही. ठीक ना?

नाही, अजिबात ठीक नाही. हा प्रकार २०२४ पासून फार वाढलाय आणि हुशार माणसंही फसतात कारण यात डाउनलोड वगैरे काही दिसतच नाही. होतं असं, की तुम्ही त्या चौकोनावर क्लिक केलंत तेव्हा वेबसाइटने गुपचूप एक कमांड तुमच्या क्लिपबोर्डवर कॉपी करून ठेवली. विंडोज आणि आर दाबलं की 'रन'ची छोटी खिडकी उघडते, कंट्रोल व्हीने ती कमांड तिथे चिकटते, आणि एंटर तुम्ही स्वतः मारता. त्या खिडकीत शेवटचा भागच दिसतो, तिथे 'मी रोबो नाही' असं काहीतरी साधं लिहिलेलं असतं, खरी कमांड डावीकडे लपलेली असते. खरा कॅप्चा कधीही ब्राउझरच्या बाहेर काही करायला सांगत नाही. कधीही.

बरं, एंटर मारलंच असेल तर आधी नेट तोडा, वाय-फाय बंद किंवा वायर काढा. मग दुसऱ्या डिव्हाइसवरून, म्हणजे मोबाइलवरून, आधी ईमेलचा पासवर्ड बदला, नंतर बँक, नंतर बाकीचे, आणि प्रत्येक ठिकाणी 'सगळ्या डिव्हाइसमधून साइन आउट' करा. हे साइन आउट महत्त्वाचं आहे कारण असली सॉफ्टवेअरं पासवर्डबरोबर तुमचं चालू लॉगिनही उचलून नेतात, मग ओटीपीचीही गरज पडत नाही. शेवटी डेटा बाजूला काढून 'रिसेट धिस पीसी' करा. नुसता स्कॅन करून 'काही सापडलं नाही' म्हणून गप्प बसू नका.

८. उजव्या कोपऱ्यात सारखं 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस सापडले' येतं. स्कॅन केला तर काहीच नाही.

कारण व्हायरस नाहीच. कुठल्यातरी सिनेमा किंवा क्रिकेट फुकट दाखवणाऱ्या साइटवर 'अलाउ' दाबलं गेलंय आणि ती साइट आता ब्राउझरमधून नोटिफिकेशन पाठवतेय. क्रोम किंवा एजच्या सेटिंग्जमध्ये साइट परमिशनमधलं नोटिफिकेशन उघडा, परवानगी दिलेल्या साइट्सची यादी दिसेल, ओळखीची नसेल ती काढा. तिथेच 'कुठल्याच साइटला विचारू देऊ नका' हेही करता येतं, आईबाबांच्या कॉम्प्युटरवर मी ते करूनच ठेवतो.

९. स्क्रीन अख्खी लाल झाली, मोठ्याने भोंगा वाजतोय आणि 'मायक्रोसॉफ्टला फोन करा' म्हणून नंबर आलाय. फोन करू का?

नका करू. ते फक्त एक वेबपेज आहे, फुल स्क्रीन केलेलं. एस्केप जरा वेळ दाबून धरा, नाहीतर ऑल्ट एफ-४, तेही नाही झालं तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा. परत उघडताना 'आधीची पानं उघडू का' विचारेल, नाही म्हणा.

मायक्रोसॉफ्ट, तुमची बँक, किंवा पोलीस, यातलं कोणीही तुमच्या कॉम्प्युटरवर एनीडेस्क टाकायला सांगत नाही. एनीडेस्क स्वतः चांगलं सॉफ्टवेअर आहे, मीसुद्धा वापरतो, पण त्यातला नऊ किंवा दहा आकडी नंबर सांगून समोरच्याला 'हो' म्हटलंत की तुमचा माउस त्याच्या हातात जातो. या प्रकाराबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच सावध केलं होतं. आणि 'डिजिटल अरेस्ट' नावाची गोष्ट भारतीय कायद्यात नाही, व्हिडिओ कॉलवर कोणालाही अटक होत नाही, समोर खाकी वर्दी दिसली तरी.

पैसे गेले असतील तर लाजत बसू नका, ताबडतोब १९३० ला फोन करा आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार टाका. पैसे पुढच्या पुढच्या खात्यात सरकायच्या आत फोन गेला तर गोठवता येतात. बँकेलाही लगेच कळवा. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमाप्रमाणे चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही अशा व्यवहारात तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर तोशीस तुम्हाला लागत नाही, पण ओटीपी स्वतः दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. म्हणून प्रत्येक मिनिटाला किंमत आहे.

१०. झेरॉक्सच्या दुकानातून पेन ड्राइव्ह आणला आणि सगळे फोल्डर शॉर्टकट झाले. डेटा गेला का?

बहुतेक नाही, लपवलाय फक्त. त्या शॉर्टकटवर मात्र डबल क्लिक करू नका, तेच तर त्याला हवंय. आधी पेन ड्राइव्हवर राइट क्लिक करून स्कॅन करा. मग फाइल एक्सप्लोररमध्ये 'व्ह्यू'मधून हिडन फाइल्स दाखवायला सांगा, आणि तरीही दिसत नसतील तर फोल्डर ऑप्शन्समधली 'प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स लपवा' ही टिक काढा, कारण हा व्हायरस फोल्डरला सिस्टिम फाइल असल्यासारखं लपवतो. फोल्डर दिसले की कॉपी करून घ्या, पेन ड्राइव्ह फॉरमॅट करा, ती टिक परत लावा.

पुढच्या वेळी प्रिंटसाठी फक्त ती एक पीडीएफ न्या, नाहीतर त्याच्या मेलवर पाठवा. आणि चुकूनही त्याच्या कॉम्प्युटरवर स्वतःच्या मेलमध्ये लॉगिन करू नका.

११. मराठी टाइप करायला सॉफ्टवेअर शोधलं, ते टाकल्यापासून ब्राउझरचं पहिलं पानच बदललंय.

हा खास आपला प्रश्न. गुगलचं जुनं ऑफलाइन इनपुट टूल गुगलने केव्हाच काढून टाकलं, पण 'मराठी इनपुट डाउनलोड' शोधलं की भलत्याच साइट्स तेच नाव लावून काहीही देतात, आणि 'श्रीलिपी फुल व्हर्जन फ्री' म्हणून जे मिळतं त्याबद्दल प्र. ६ लागू. टायपिंगचं सॉफ्टवेअर म्हणजे तुमचं प्रत्येक बटण वाचणारी गोष्ट, ती अनोळखी माणसाकडून घ्यायची म्हणजे पासवर्डची वही देऊन टाकण्यासारखं आहे.

गरजच नाहीये त्याची. सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेजमध्ये मराठी भाषा अ‍ॅड करा. इनस्क्रिप्ट तर आहेच, पण विंडोज १० च्या २०१९ च्या मे अपडेटपासून मराठी फोनेटिकही आत आहे, इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायची सवय असलेल्यांना तेच सोपं पडतं. विंडोजचं बटण आणि स्पेस दाबून भाषा बदलते. आधी टाकलेलं सॉफ्टवेअर अनइन्स्टॉल करा, ब्राउझरमधल्या एक्स्टेंशनची यादी बघून अनोळखी काढा, आणि ब्राउझर रिसेट मारा.

१२. दादा, लॅपटॉप फार स्लो झालाय. व्हायरस असेल ना?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, आणि उत्तर बहुतेक वेळा 'नाही' असं असतं. आधी कंट्रोल-शिफ्ट-एस्केपने टास्क मॅनेजर उघडा आणि नुसतं बघा. चार रकाने दिसतात, सीपीयू, मेमरी, डिस्क, नेटवर्क. काहीच उघडलेलं नसताना डिस्क शंभर टक्क्यांवर असेल आणि मशीनमध्ये जुनी फिरणारी हार्ड डिस्क असेल तर दुसरा काही विचार करू नका, एसएसडी (आत काही न फिरणारी, वेगवान डिस्क) टाका. पाच-सहा वर्षांच्या जुन्या लॅपटॉपला याच्याएवढा फरक दुसऱ्या कशानेच पडत नाही. सुरू व्हायला जिथे तीन-चार मिनिटं लागायची तिथे अर्धं मिनिट लागतं, आणि माणूस नवीन लॅपटॉप घ्यायचं विसरून जातो. जुनी डिस्क फेकू नका, अडीच इंची असते ती, बाहेरचा केस मिळतो, त्यात घालून बॅकअपला वापरा (प्र. १७).

मेमरीचा रकाना नव्वदच्या पुढे असेल तर रॅम कमी पडतेय. चार जीबीत विंडोज ११ चालतं असं कागदावर लिहिलंय, कागदावरच. आठ तरी हवी. रॅम वाढवायची नसेल तर क्रोममधला मेमरी सेव्हर चालू करा आणि ते उघडून ठेवलेले चाळीस टॅब बंद करा, 'नंतर वाचेन' म्हणून ठेवलेले कोणी वाचत नाही.

सीपीयू वर असेल तर त्या रकान्याच्या नावावर क्लिक करा, खाणारा वर येईल. अपडेट चालू असेल तर तासभर चार्जिंगला लावून सोडून द्या. अनोळखी नाव असेल आणि तुम्ही टास्क मॅनेजर उघडल्या उघडल्या आकडा खाली पडत असेल तर मात्र व्हायरसचा संशय घ्या, डिफेंडरमधला 'ऑफलाइन स्कॅन' चालवा. तो रिस्टार्ट करून विंडोज सुरू व्हायच्या आधीच तपासतो त्यामुळे लपायला जागा राहत नाही.

शेवटी त्याच टास्क मॅनेजरमधल्या 'स्टार्टअप अ‍ॅप्स'मध्ये जा. मीटिंगची सॉफ्टवेअरं, गेमचे लाँचर, प्रिंटरचे मदतनीस, सगळे सकाळी एकदम उठतात. डिसेबल करा, ते अनइन्स्टॉल होत नाहीत, फक्त बोलावल्याशिवाय येत नाहीत. अँटिव्हायरसला आणि टचपॅड-साउंडच्या ड्रायव्हरला हात लावू नका.

१३. मी रोज रात्री शटडाउन करते तरी टास्क मॅनेजर म्हणतो बारा दिवस चालू आहे. हे कसं काय?

खरंच सांगतोय तो. विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' असतं, शटडाउन केलं की तुमचे प्रोग्राम बंद होतात पण विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो, म्हणून लवकर सुरू होतं. अडकलेला ड्रायव्हरही तसाच अडकलेला परत येतो. 'रिस्टार्ट' मात्र खरोखर पहिल्यापासून सुरू करतो. वाय-फाय दिसत नाही, प्रिंटर हलत नाही, आवाज गेला, अशा वेळी शटडाउन करून चालू करण्याऐवजी रिस्टार्ट मारा. अर्ध्या तक्रारी तिथेच संपतात.

१४. सी ड्राइव्ह लाल झालाय. काय उडवू?

सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग स्टोरेज. तिथे काय किती जागा खातंय ते दिसतं आणि 'टेंपररी फाइल्स'मधून बराच कचरा जातो. फक्त तिथल्या यादीत 'डाउनलोड्स'ही असतं, त्यावर टिक करण्याआधी बघा, लोक बँकेची स्टेटमेंटं आणि सातबारा तिथेच ठेवतात. विंडोज फोल्डरमध्ये स्वतः जाऊन काही डिलीट करू नका.

१५. क्लीनर, बूस्टर, रजिस्ट्री साफ करणारं, यातलं कुठलं चांगलं?

कुठलंच नको. रजिस्ट्री साफ केल्याने मशीन फास्ट होत नाही आणि मायक्रोसॉफ्ट असल्या क्लीनरना सपोर्टही करत नाही. २०१७ मध्ये सीक्लीनरसारख्या नावाजलेल्या सॉफ्टवेअरच्याच अधिकृत व्हर्जनमध्ये कोणीतरी मालवेअर घुसवलं होतं, वीस लाखांहून जास्त मशीनवर ते गेलं. ड्रायव्हर अपडेट करून देतो म्हणणारीही त्याच माळेतली. माझा सगळा अनुभव असा की मशीन काहीतरी टाकून सुधारत नाही, काढून सुधारतं.

१६. दरवर्षी फॉरमॅट मारावा का? आणि डीफ्रॅग?

दोन्ही नको. एसएसडी असेल तर विंडोज स्वतःच तिला जे लागतं ते करतं, डीफ्रॅगची वेगळी सॉफ्टवेअरं चालवून उगाच झीज करू नका.

१७. बॅकअप म्हणजे गुगल ड्राइव्हवर आहे सगळं, तेवढं पुरे ना?

अर्धं काम झालं. सिंक आणि बॅकअप वेगळे. ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हमधली फाइल कॉम्प्युटरवर उडवली की तिकडूनही उडते, रीसायकलमध्ये थोडे दिवस राहते इतकंच. शिवाय वनड्राइव्ह फुकटात ५ जीबीच देतं आणि अख्खा डेस्कटॉप आपल्याकडे ओढून घेतं, मग 'जागा संपली' म्हणून ओरडतं.

लग्नाचे फोटो, घराची कागदपत्रं, मुलांची सर्टिफिकेटं, हे एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवा आणि कॉपी झाली की ती डिस्क काढून कपाटात ठेवा. लावूनच ठेवली तर प्र. १८ मधला प्रकार तिच्यावरही होतो. एक प्रत घराबाहेर असावी, क्लाउडवर किंवा बहिणीकडे. आणि वर्षातून एखादी फाइल उघडून बघा, कॉपी झालेली आणि उघडणारी या दोन वेगळ्या गोष्टी असतात.

१८. सगळ्या फोटोंच्या नावापुढे विचित्र अक्षरं आलीत आणि एक फाइल पैसे मागतेय. आता?

नेट तोडा, बाहेरची डिस्क काढा. पैसे देऊ नका, किल्ली मिळेलच असं काही नसतं. लगेच फॉरमॅटही मारू नका. युरोपोल, डच पोलीस आणि काही सिक्युरिटी कंपन्यांनी २०१६ मध्ये 'नो मोअर रॅन्सम' नावाची साइट सुरू केली, तिथे लॉक झालेली एखादी फाइल टाकली की कुठला प्रकार आहे आणि फुकट किल्ली उपलब्ध आहे का ते कळतं. सगळ्यांची नसते. नसेल तर लॉक झालेल्या फाइल्स एका डिस्कवर ठेवून द्या, किल्ल्या कधीकधी उशिरा सापडतात. साफसफाईचं फुकट टूल सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवरही आहे, पण ते व्हायरस काढतं, फाइल्स परत आणत नाही.

१९. बायोस अपडेटनंतर निळी स्क्रीन आली आणि ४८ आकडी किल्ली मागतोय. मी तर कधी कुठलं लॉक लावलंच नाही!

तुम्ही नाही, विंडोज ११ ने लावलंय. नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने पहिल्यांदा साइन इन केलं की डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते, त्यालाच बिटलॉकर म्हणतात, आणि किल्ली त्या अकाउंटवर जाऊन बसते. मोबाइलवरून मायक्रोसॉफ्ट अकाउंटच्या साइटवर लॉगिन करा, तुमच्या डिव्हाइसच्या माहितीत 'रिकव्हरी की' मिळेल.

अडचण तिथे होते जिथे दुकानदाराने स्वतःच्या किंवा दुकानाच्या मेल आयडीने लॅपटॉप सुरू करून दिलेला असतो. मग किल्ली त्याच्या अकाउंटवर. लॅपटॉप चांगला चालत असतानाच आज जाऊन बघा की अकाउंट कोणाचं आहे, आणि किल्ली कागदावर लिहून कपाटात ठेवा. किल्ली हरवली तर डेटा परत मिळवायचा मार्ग नाही, मग दुकानवाला काहीही म्हणो.

२०. पासवर्ड लक्षात राहत नाहीत म्हणून सगळीकडे एकच ठेवलाय, शेवटी वेगळा आकडा. चालेल?

नाही चालणार. एका फुटकळ शॉपिंग साइटवरून तो बाहेर आला की तोच सगळीकडे लावून बघतात, शेवटचा आकडा बदलून बघायलाही मशीनच बसवलेलं असतं. पासवर्ड मॅनेजर (सगळे पासवर्ड लक्षात ठेवणारं सॉफ्टवेअर) वापरा, नाही जमत तर वहीत लिहा, घरातल्या वहीपर्यंत परदेशातला चोर येत नाही. फक्त ती वही लॅपटॉपच्या बॅगेत नको. ईमेलचा पासवर्ड सगळ्यांत वेगळा आणि त्याला टू-स्टेप (पासवर्डनंतर आणखी एक खात्री) लावलेलंच हवं, बाकी सगळे पासवर्ड शेवटी त्याच मेलवरून रिसेट होतात.

२१. मॅकला व्हायरस येत नाही ना?

येतो. कमी येतो. अ‍ॅपलने स्वतःचं संरक्षण आत दिलंय पण क्रॅक टाकताना तुम्ही तेही बाजूला करता, आणि प्र. ७ मधली युक्ती आता 'टर्मिनल उघडा आणि पेस्ट करा' अशी मॅकवाल्यांसाठीही आली आहे.

२२. पावसाळ्यात, लाइट जाते-येते तेव्हा काय काळजी घ्यायची?

डेस्कटॉपला यूपीएस हवाच, आणि त्याची बॅटरी दोन-तीन वर्षांत जाते. लाइट गेल्या गेल्या पीसी बंद पडायला लागला तर यूपीएस नाही, बॅटरी बदला. कोकणात किंवा घाटाकडे राहत असाल तर विजा चमकायला लागल्यावर प्लग तर काढाच, पण नेटची तांब्याची लॅन वायरही काढा, लोक प्लग काढतात आणि मदरबोर्ड त्या वायरवाटे उडतो. फायबरच्या काचेतून वीज येत नाही, पण राउटरपासून पीसीपर्यंतची वायर तांब्याचीच असते.

पंखा घरघरतोय आणि मशीन गरम होऊन हळू पडतंय तर धूळ. गरम झालं की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. कॅबिनेट उघडून ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरा. आतून पाल निघाली तर दचकू नका, पॉवर सप्लायची ऊब त्यांना आवडते.

२३. रिपेअरला देताना फोटो-बिटो कोणी बघेल का?

बघू शकतो. समोर बसून करून घेता आलं तर उत्तम. ठेवूनच यायचं असेल तर स्वतःचा पासवर्ड देऊ नका, नवीन साधं युजर अकाउंट करून त्याचा द्या, आणि ब्राउझरमधून साइन आउट करा. स्क्रीन किंवा कीबोर्ड बदलायला विंडोजच्या पासवर्डची गरजच नसते, मागितला तर कशाला ते विचारा.

२४. जुना लॅपटॉप विकायचाय, फॉरमॅट केला, झालं ना?

साध्या फॉरमॅटने फाइल्स पुसल्या जात नाहीत, फुकटच्या रिकव्हरी सॉफ्टवेअरने परत येतात. 'रिसेट धिस पीसी'मध्ये 'रिमूव्ह एव्हरीथिंग' निवडा आणि पुढे सेटिंग बदलून 'क्लीन डेटा' चालू करा, फिरणाऱ्या डिस्कला बरेच तास लागतात, रात्री लावून झोपा. त्याआधी मायक्रोसॉफ्ट अकाउंटच्या डिव्हाइस यादीतून ते मशीन काढा. डिस्क बिघडलेली असेल आणि चालूच होत नसेल तर लॅपटॉप विका पण डिस्क काढून घ्या, घेणारा त्या डिस्कचे फार तर दोनशे-चारशे कमी करेल.